सांताक्रूझ समजून जुहूवर!

विमान मुंबईला उतरताना प्रवाशाचा सारा भरवसा वैमानिकावर. पण पूर्वी वैमानिकाची बरीच भिस्त डोळ्यांवर असे, आणि डोळे फसत. १९२८ पासूनचे जुहू विमानतळ आखूड धावपट्टीचे. दुसऱ्या महायुद्धकाळातले सांताक्रूझ तिथून अगदी जवळ.

१५ जुलै १९५३ रोजी बीओएसीचे कॉमेट जेट चुकून जुहूवर उतरले. प्रवासी मुंबईतच पोहोचले होते, तक्रार तरी काय करणार? अडचण विमानाची होती: एवढ्याशा धावपट्टीवरून ते उडणार कसे? नऊ दिवसांनी ते उडवून नेले.

२४ सप्टेंबर १९७२ रोजी तीच चूक जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने केली. हे विमान मात्र धावपट्टी संपून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने प्राणहानी टळली.