मुलांचे पायजमे आणि जिवाणूंची साक्ष

रसायनाने वंशद्रव्याला इजा होते काय, हा प्रश्न प्रथम युद्धाने विचारला. एडिंबरो येथे शार्लट आउअरबाख आणि रॉब्सन यांनी १९४१ च्या सुमारास मस्टर्ड वायूचा प्रयोग फळमाश्यांवर केला, तेव्हा क्ष-किरणांसारखे काम रसायनही करते, असे दिसून आले. ती गोष्ट रणांगणावरची. तिचा संबंध आपल्या न्हाणीघराशी जोडला तो बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी.

त्यांची चाचणी साधी आणि स्वस्त होती. हिस्टिडीन हे द्रव्य स्वतः बनवू न शकणारे जिवाणू घ्यावयाचे, त्यांना रसायन पाजावयाचे, आणि त्या द्रव्यावाचून किती जगतात ते मोजावयाचे. जो जगला त्याचे जनुक पालटले. १९७५ मध्ये १६९ केशकलप असे तपासले गेले. त्यांतले १५० दोषी ठरले!

मग निघाले पायजम्यांचे प्रकरण. अमेरिकेत मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांनी पेट घेऊ नये असा नियम झाला. हेतू चांगलाच होता. मुले खरोखरच भाजत होती. कारखानदारांनी कापडात ट्रिस नावाचे ब्रोमीनयुक्त रसायन भरले, वजनाच्या सुमारे पाच टक्क्यांपर्यंत. आर्लीन ब्लम आणि एम्स यांनी जानेवारी १९७७ मध्ये इशारा दिला. (याच ब्लमबाई पुढल्या वर्षी स्त्रियांची तुकडी घेऊन अन्नपूर्णेवर गेल्या.) एप्रिलमध्ये बंदी आली. १९७८ मध्ये तर असे कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीतच त्या रसायनाचा अवशेष सापडला. म्हणजे ते कापडात न राहता अंगात शिरले होते. बंदी आलेला माल मात्र परदेशी रवाना होऊ लागला, आणि तीही वाट १९७८ मध्ये सरकारला बंद करावी लागली. आपल्या मुलांना नको ते परक्याच्या मुलांना चालेल, हा हिशेब आम्हां चळवळीतल्या माणसांना नवा नाही.

एवढ्यावरून घरातल्या बाटलीने नातवंडांत दोष उतरतो, असे म्हणावे काय? मी म्हणणार नाही. जिवाणू म्हणजे माणूस नव्हे, आणि शरीरपेशी म्हणजे बीजपेशी नव्हे. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांच्या मुलांचा अनेक दशके अभ्यास झाला, तरी वंशगत दोषांत स्पष्ट वाढ आढळली नाही. शरीरपेशींचे तसे नाही. बेन्झीनमध्ये काम करणाऱ्यांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रे तुटलेली दिसतात, आणि त्यांना रक्ताचा कर्करोगही होतो. केशकलपाविषयी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय असा आहे: स्वतःच्या केसांना लावणाऱ्याबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, तोच कलप दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्याला लावणाऱ्या कारागिराचा धंदा मात्र बहुधा कर्करोगकारक.