गटात संदेश टाकण्यापूर्वी : सम्यक वाचेच्या पाच कसोट्या

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. कारण एकच : मुले पळवणारी टोळी आल्याची मोबाइलवरून फिरणारी अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

आपल्या बीड जिल्ह्यात ही बाब अधिक नाजूक आहे. आई-वडील ऊसतोडीला परजिल्ह्यात, लेकरं आजीजवळ. अशी अफवा फडावर पोचली तर त्या माउलीचे काय होईल?

अंगुत्तर निकायातील वाचा सुत्तात सुभाषित वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत. संदेश पाठवण्याआधी ती तपासावीत.

१. योग्य वेळी : निधनाच्या बातमीखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा नकोत. वादाचे उत्तर रागात, मध्यरात्री देऊ नये.

२. सत्य : घटना कुठली, कधीची, सांगणारा कोण? बाबासाहेबांच्या नावाने वाक्य आले तर शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ खंडांत ते शोधावे. सापडेपर्यंत पुढे पाठवू नये.

३. मृदू : मुद्दा खोडावा, माणसाची जात, आडनाव काढू नये. मृदू म्हणजे मुके नव्हे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तो बोलण्यासाठीच.

४. हितकारक : लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीचे नाव, फोटो, घर उघड करणे हा गुन्हा आहे. न्याय मागण्याच्या भरातही ते टाकू नये. निषेध करावा, ओळख झाकावी.

५. मैत्रीचित्ताने : चूक झाली तर संदेश नुसता पुसू नये. ज्या गटात टाकला तिथेच ‘ती माहिती चुकीची होती’ असे लिहावे. पुढे पाठवलेल्यांनाही कळवावे.

अॅडमिनची जबाबदारी

सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरीही हे नियम गटाच्या माहितीत लिहून ठेवावेत आणि मोडणाऱ्याला आधी खासगीत समजवावे.

राईनपाड्याची अफवा पुढे पाठवणाऱ्या अनेकांना आपण लेकरांचे भलेच करतो आहोत असे वाटले असेल. म्हणून हेतू चांगला असला तरी खात्री आधी करावी.