शेठ मोतीशांची पांजरपोळ आणि कुत्रीचे ऑपरेशन



कुत्रीचे ऑपरेशन म्हणजे हिंसा, असे आमच्या नळदुर्गात वडीलधाऱ्या बायका म्हणतात. म्हणून थोडे मागचे सांगते.

जून १८३२ मध्ये मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारायला घेतली. पारशी लोक कुत्र्याला पवित्र मानतात. ते चिडले, दंगल झाली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, मुसलमान आणि आपले जैनही त्यात उतरले. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. ती आजही आहे.

पण पांजरपोळीने जीव सांभाळले, जन्म कसे थांबणार? कुत्री सुमारे ६३ दिवसांत विते, वर्षातून दोनदाही विऊ शकते. मुंबईत कुत्री मारणे १९९० च्या दशकापर्यंत चालूच होते. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग घालून दिला, आणि २००१ मध्ये केंद्राचे नियम आले.

आपल्या बायकांच्या ऑपरेशनसारखी नुसती नळी बांधून कुत्रीचे भागत नाही. पिल्ले थांबतात, पण माज येतच राहतो. नर गोळा होतात, भांडतात, चावतात. पुढे गर्भाशयात पू होण्याची भीतीही राहते. म्हणून आपल्याकडे भूल देऊन बीजाशये आणि गर्भाशय दोन्ही काढतात. युरोपात बरेच डॉक्टर फक्त बीजाशयेच काढतात. परिणाम तोच, कारण माज तिथूनच येतो. मात्र त्याचा बारीकसा तुकडा जरी आत राहिला, तरी कुत्री पुन्हा माजावर येते. हात सराईत हवा तो यासाठी.

चीर पोटाच्या मधोमध घेतात किंवा उजव्या कुशीत. रस्त्यावरच्या कुत्रीला मला कुशीतली बरी वाटते: जखम लांबूनही दिसते, आणि दूध असलेल्या कुत्रीच्या आचळांना धक्का लागत नाही.

गुण येतो का? जयपूरला १९९४ पासून नसबंदी आणि रेबीजची लस एकत्र दिली. सुमारे ६५ टक्के माद्या झाल्यावर त्या भागातली कुत्री २८ टक्क्यांनी घटली, आणि माणसांचे रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. चार-दोन कुत्र्या करून सोडल्या तर उरलेल्या ती जागा भरून काढतात.

हिंसेचे म्हणाल, तर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर पावसाळ्यानंतर चिरडलेली पिल्ले मी पाहते. त्यापुढे भुलेतली एक चीर मला जड वाटत नाही. महाराजांचे मत वेगळे असू शकते. जमले तर या चातुर्मासात विचारीन.

गल्लीत कानाचे टोक कापलेली कुत्री दिसली, तर तिला कुणी मारले असे समजू नका. तिचे ऑपरेशन झाल्याची ती खूण आहे.