बख्शी

लखनऊच्या उत्तरेकडील ‘बख्शी का तालाब’ या नावातील बख्शी, म्हणजे मराठीतला बक्षी, हा मोगल व्यवस्थेत सैन्याची भरती, हजेरी आणि वेतन पाहणारा अधिकारी होता. त्याचे नाते ‘बक्षीस’ या शब्दाशी सहज जोडले जाते; परंतु बक्षीस हा ‘देणे’ या अर्थाच्या फारसी धातूपासून आला, तर बख्शी मंगोल राजवटीबरोबर फारसीत शिरला आणि त्याचे मूळ अनेक अभ्यासक विद्वान या अर्थाच्या ‘बोशी’ या चिनी शब्दात शोधतात. मंगोलियन भाषेत ‘बग्श’ म्हणजे आजही शिक्षक.

शिकवणारा आणि हजेरी घेणारा हे दोन्ही अर्थ फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकात, म्हणजे सहायक, गोलरक्षक-प्रशिक्षक आदींच्या चमूच्या प्रमुखात, एकत्र येतात. २०२४ मध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्याकडे एफसी गोवा या क्लबाबरोबरच भारतीय संघही सोपवला गेला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई एफसीचे माजी प्रशिक्षक खालिद जमील त्या जागी आले, तेव्हा चाहत्यांमध्ये झालेल्या वादाच्या मुळाशी हीच दुहेरी अपेक्षा होती. राष्ट्रीय संघ वर्षातून मोजकेच दिवस एकत्र येत असल्याने त्याच्या प्रशिक्षकाकडे निवडीचे काम अधिक येते आणि खेळाडू घडतो तो क्लबात. म्हणूनच पराभवानंतर केवळ प्रशिक्षक बदलण्याची मागणी अपुरी ठरते.