यारी आणि यारीवाला

जड ओझें उचलणाऱ्या यंत्रास इंग्रजींत 'क्रेन' म्हणतात, आणि करकोच्या पक्ष्याचें नांवही तेंच. ग्रीकांचा 'गेरानोस', फ्रेंचांचा 'ग्रू', पोलंडांतील 'झुराव' या शब्दांतही पक्षी व यंत्र असेच एकत्र नांदतात. लांब मान खालीं घालून कांहीं तरी टिपणारा आणि मग ती सावकाश वर उचलणारा तो प्राणी ज्यानें पाहिला आहे, त्यास ही उपमा इतक्या देशांत कशी सुचली याचें नवल वाटणार नाहीं. आपल्या भाषेंत या यंत्रास 'यारी' असा सुटसुटीत शब्द आहे. परंतु तो पुस्तकांतच अधिक, बंदरावर आणि कारखान्यांत सगळीकडे 'क्रेन' व 'क्रेनवाला' हेंच चालतें. यंत्राचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. तें चालविणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र त्या ग्रंथांच्या कोपऱ्यांतून वेंचावा लागतो. तो वेंचतांना असें दिसूं लागतें कीं, या माणसाकडून जग प्रथम त्याचे पाय विकत घेत होतें, पुढें त्याचे हात घेऊं लागलें, आणि अलीकडे बहुतेक त्याची नजर तेवढी घेतें.

रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागांत ओझें उचलण्याच्या यंत्रांचें बारकाईनें वर्णन केलें आहे. कप्प्या किती असाव्या, दोर कसा ओवावा, हें सर्व त्यांत आहे. मोठें चाक तुडविणाऱ्या माणसांचा उल्लेख मात्र दोन शब्दांत आटोपला आहे. सुदैवानें एका शिल्पकारानें ही उणीव भरून काढली. रोमजवळ 1848 सालीं सांपडलेल्या हातेरी कुटुंबाच्या थडग्यावरील शिल्पांत अशी एक यारी कोरलेली आहे, व तिच्या चाकाच्या आंत माणसें चालत असलेलीं स्पष्ट दिसतात.

चाकाचें गणित सोपें आहे. चाकाचा व्यास चौदा फूट आणि ज्या लाटेवर दोर गुंडाळला जातो तिचा एक फूट असें धरलें, तर घर्षण वजा करून एक माणूस आपल्या वजनानें सुमारें चौदा माणसांचें वजन तोलूं शकतो. परंतु निसर्ग कांहीं फुकट देत नाहीं. ओझें एक हात वर जावयाचें तर चाकांतील माणसानें चौदा हात चाललें पाहिजे. दिवसभर चालावें आणि जागच्या जागीं राहावें, असा हा प्रवास! शिवाय पाय निसटला, किंवा ओझें चालणाऱ्याच्या वजनास भारी झालें, तर चाक उलट्या दिशेनें गरगरूं लागे, आणि आंतल्या माणसाचें काय होत असेल तें सांगावयास नको.

युरोपांतील मध्ययुगीन बंदरें या चाकांवर चाललीं. फ्लॅंडर्समधील ब्रूजच्या यारीचा उल्लेख तेराव्या शतकापासून मिळतो; तेथील चाक तुडविणाऱ्या मजुरांस गांवांत 'यारीचीं पोरें' म्हणत. वयानें ते पोर नव्हते. ती यारी गांवाचें भूषण मानली जाई, म्हणून चित्रकारांनीं ती आपल्या चित्रांच्या पार्श्वभूमीवर हौसेनें रंगविली; पोरांचीं नांवें मात्र कोणी टिपून ठेवलीं नाहींत. ग्दान्स्क येथील यारी 1442 ते 1444 या काळांत पुन्हां बांधली गेली. ती 1945 सालीं युद्धांत जळाली, आणि मागाहून पुन्हां उभारण्यांत आली. कोलोनच्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिर-शिखरावर एक यारी काम थांबल्यावरही शतकानुशतकें तशीच उभी होती. ती 1868 सालीं उतरविली आणि 1880 सालीं मंदिर पुरें झालें. इंग्लंडांत हॅरिच येथें 1667 सालची दोन चाकांची यारी अजून जतन केलेली आहे. तेथून खाडीपलीकडे पाहिलें म्हणजे फेलिक्सस्टो बंदराच्या आजच्या अजस्र यारी दिसतात.

येथें एक विलक्षण गोष्ट नमूद केली पाहिजे. 1818 च्या सुमारास विल्यम क्युबिट नांवाच्या इंजिनियरानें इंग्लंडांतील तुरुंगांत कैद्यांनीं तुडवावयाचें चाक सुरू केलें. जें काम शतकानुशतकें प्रामाणिक मजूर पोटासाठीं करीत आले होते, तेंच आतां शिक्षा म्हणून ठरविण्यांत आलें! कैद्यास शिक्षा वाटावी असें काम आपण मजुरास मजुरी म्हणून देत होतों, हें ध्यानांत आल्यानें कोणाची झोंप उडाली असल्याचें दिसत नाहीं.

पायांचें हें राज्य न्यूकॅसल येथें 1846 सालीं खऱ्या अर्थानें डळमळूं लागलें. विल्यम आर्मस्ट्रॉंग हा पेशानें वकील, पण पाण्याच्या शक्तीचा त्यास विलक्षण नाद. गांवच्या नळांतील पाण्याचा दाब त्यानें नदीकाठच्या धक्क्यावरील एका यारीस जोडून दिला. पाणी दट्ट्यास ढकली, दट्ट्या सांखळीस ओढी आणि ओझें वर चढे. चालविणारानें फक्त झडपेचे दांडे हलवावयाचे. चाकांतील माणसांच्या ठिकाणीं आतां एक माणूस उरला. पण त्या एकाच्या बोटांत जें कसब हवें होतें तें त्या चाकांतील कोणाकडूनही कधीं कोणी मागितलें नव्हतें.

न्यूकॅसलच्या या यारीवर जो माणूस होता त्यास लोक 'हायड्रॉलिक जॅक' म्हणत. ओझें उचलण्याच्या एका हत्यारासही जॅकच म्हणतात, त्यामुळें या नांवांत दुहेरी विनोद आहे. या जॅकनें दांड्यांवर असा हात बसविला होता कीं, जड पिंपें तो झपाट्यानें खालीं सोडी, जमिनीस टेंकण्याच्या बेतास आणून अलगद थांबवी, पुन्हां उचली आणि वाटेल तिकडे फिरवी. लिव्हरपूलच्या गोद्यांचा इंजिनियर जेसी हार्टली हा मोठा हट्टी गृहस्थ. या नव्या यंत्राचें नांव काढलें तरी तो ऐकून घेत नसे. असें सांगतात कीं, जॅकचें काम प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याचें मत पालटलें. पुढें 1848 सालीं लिव्हरपूलच्या आल्बर्ट डॉकमध्यें पाण्याच्या दाबाच्या यारी बसल्या. आर्मस्ट्रॉंग लॉर्ड झाला, आणि तें योग्यच होतें. तरी त्याच्या यंत्राची पहिली शिफारस एका मजुराच्या मनगटानें केली, हें विसरतां येत नाहीं. यारी चालविणें हा एक स्वतंत्र पेशा झाला तो, आमच्या मतें, याच धक्क्यावर.

मुंबईस 1873 सालीं पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस डॉक 1880 सालीं, व्हिक्टोरिया डॉक 1888 सालीं व अलेक्झांड्रा डॉक 1914 सालीं खुला झाला. त्यांबरोबर नव्या यारी आणि नवे यारीवालेही आले. या कामांतली खरी अडचण बाहेरून पाहणारास कळत नाहीं. जहाजाच्या पोटांतील माल यारीवाल्यास दिसत नसतो. तेथें खालीं माणसें उभीं असतात, त्यांच्या डोक्यावरून टनांचें ओझें जावयाचें असतें, आणि वर बसलेल्या माणसानें सगळा भरंवसा कठड्याशीं उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या हाताच्या खुणेवर ठेवावयाचा असतो. खूण करणाराचा हात क्षणभर चुकला, किंवा यारीवाल्याची नजर क्षणभर ढळली, तर प्राण जातो तो तिसऱ्याचाच. या खुणांबरोबर ज्या हांका चालत त्याही मौजेच्या आहेत. 'आरिया' म्हणजे खालीं सोड. हा शब्द पोर्तुगीज खलाशांच्या 'आर्रियार' या क्रियापदावरून आला. 'हाबेस' म्हणजे उचल. हे शब्द जहाजांवरून धक्क्यावर उतरले, आणि त्यांचीं अपभ्रष्ट रूपें इमारतींच्या कामांवर अद्यापि ऐकूं येतात. 'यारी'चा दुसरा अर्थ दोस्ती. दोन्ही शब्दांचें मूळ एक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण वरच्या आणि खालच्या माणसांत ती नसेल तर हें यंत्र चालविणें कठीण, एवढें खरें.

आपल्या घरांतील मुलगा यारीचा नकाशा काढणारा इंजिनियर झाला तर आपण पेढे वाटतों. तो यारींत बसेल हा विचार आपल्यास शिवत नाहीं. स्त्रियांच्या बाबतींत तर तो कोणालाच शिवला नव्हता. पण पहिल्या महायुद्धांत पुरुष आघाडीवर गेले, आणि इंग्लंडांतील दारूगोळ्याच्या कारखान्यांत छताखालच्या यारी बायका चालवूं लागल्या. चिलवेलच्या कारखान्यांतील 1917 सालचीं छायाचित्रें त्याची साक्ष देतात. युद्ध संपलें आणि त्यांतील बहुतेकींना घरीं पाठविण्यांत आलें.

यानंतरचा बदल फार झपाट्यानें झाला. जर्मनींत हान्स लीबहेर यानें 1949 सालीं सहज हलवितां व उभारतां येणारी मनोरायारी तयार केली. 1956 सालीं अमेरिकेंत 'आयडियल एक्स' जहाज 58 पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलें. आणि 1959 सालीं कॅलिफोर्नियांत अशा पेट्या उचलण्यासाठींच बांधलेली पहिली यारी उभी राहिली. आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर 1989 सालीं सुरू झालें. या यारींत माणूस दहा-बारा मजल्यांइतक्या उंचीवर कांचेच्या तळाच्या खोलींत बसतो व दिवसभर मान वांकवून पायांखालीं पाहतो. त्याचें खरें कसब झोका आवरण्यांत आहे. दोरांना लटकलेली पेटी गाडा थांबतांच लंबकासारखी पुढें जाते. तिला ओढूं पाहिलें तर झोका वाढतो. म्हणून जाणता चालक गाडा तिच्या मागून नेमका तेवढाच पुढें नेतो, आणि झोका टोंकास पोंचतांच तिच्या डोक्यावर जाऊन उभा राहतो. हें पुस्तकांतून सांगतां येतें, पण शिकावें लागतें तें हातानें आणि बसल्या जागेला बसणाऱ्या हिसक्यावरून.

तो हिसकाही आतां जात चालला आहे. रॉटरडॅमच्या एका नव्या धक्क्यावर 2015 पासून यारीवाले दूरच्या कचेरींत पडद्यासमोर बसूं लागले. वारा, उंची, मानेचें दुखणें, पडण्याची भीति, सगळें एकदम गेलें. त्याबरोबर पेटीचें वजन अंगाला कळण्याचा मार्गही गेला, आणि एका माणसानें एकाहून अधिक यारींकडे पाहावें अशी सोय झाली. म्हणजे बाकीच्यांचें काय, हा प्रश्न न्यूकॅसलच्या धक्क्यावरील मजुरांनीं 1846 सालीं केला असेल तोच.

केरळांतील विळिंजम बंदर 2025 सालच्या मे महिन्यांत रीतसर सुरू झालें. तेथील आवारांतील यारी दुरून चालविणाऱ्यांत आसपासच्या कोळी वस्त्यांतील तरुण स्त्रिया आहेत. त्यांच्यासमोर पडदे असतात, हाताशीं दांडे असतात, आणि पेटी कोठें टेंकली तें कॅमेरा दाखवितो. 'आरिया' म्हणून त्यांना हांक मारणारा खालीं कोणी उभा नसतो.