कोटणीसांचे पंधरा आठवडे

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आणि शेंगाचटणी आठवते. इतिहासाची आवड असेल तर 1930 चा मार्शल लॉ. पण हल्ली आमच्या जुळे सोलापुरात (विजापूर रोडच्या बाजूला वाढत गेलेली वस्ती) कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, दर दोन-तीन घरांआड एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशात. त्यामुळे या गावातून परदेशी गेलेल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाकडे जरा वेगळ्या नजरेने बघावंसं वाटलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

शाळेत आपण शिकलो ते 'चीनमध्ये रुग्णसेवा करणारे डॉक्टर'. परदेशात संसार थाटलेला सोलापूरकर म्हणून त्यांची ओळख कुणी करून दिली नाही.

जन्म 10 ऑक्टोबर 1910, सोलापूर. डॉक्टरकी मुंबईत. जपानने चीनवर हल्ला केल्यावर चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली. 1938 मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचं पथक निघालं: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. कोटणीस तेव्हा 27 वर्षांचे. म्हणजे आपल्याकडे पोरं पहिल्यांदा ऑनसाइटला जातात, साधारण तेच वय!

येनानला पोचायच्या आधीच वाटेत वडील गेल्याची बातमी आली. सहकाऱ्यांनी परत जायला सुचवलं. ते गेले नाहीत.

इथे आपण पटकन 'त्याग' हा शब्द लिहून मोकळे होतो. पण परदेशात राहणाऱ्या कुणालाही विचारा, मनातली सगळ्यात मोठी भीती कुठली? रात्री-अपरात्री वाजणारा फोन. आज निदान दुसऱ्या दिवशीचं विमान पकडता येतं. कोटणीसांपुढे युद्ध होतं, समुद्र होता आणि बातमी कानावर येईपर्यंत सगळं उरकूनही गेलेलं.

पुढे ते उत्तर चीनच्या रणभूमीवर गेले. जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान भेटल्या (शांतारामबापूंच्या 1946 च्या सिनेमात जयश्रीबाईंनी रंगवलेली ती हीच). 25 नोव्हेंबर 1941 ला लग्न. 23 ऑगस्ट 1942 ला मुलगा झाला. नाव ठेवलं इनहुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आता या घरातला आठवडा डोळ्यासमोर आणा. नवरा शस्त्रक्रिया करतोय, चिनी भाषेत शिकवतोय, शिवाय शल्यचिकित्सेचं पाठ्यपुस्तक लिहितोय. बायको त्याच रुग्णालयात. पाळण्यात तान्हं बाळ. आजूबाजूला युद्ध. बाळ-बाळंतिणीजवळ सोलापूरचं कुणी नाही. डिंकाचे लाडू नाहीत, शेकशेगडी नाही, 'टाळू भरली का गं?' विचारणारी आजी नाही. त्यात कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते, तरी कामाचा रेटा थांबला नाही. 9 डिसेंबर 1942 ला अशाच झटक्यात ते गेले. वय 32. मुलगा 108 दिवसांचा.

म्हणजे तिघांचं कुटुंब म्हणून त्यांना जेमतेम पंधरा आठवडे मिळाले.

माझी ताई न्यू जर्सीत असते. तिचा आठवडा मला तोंडपाठ आहे. सोमवार ते शुक्रवार डेकेअर, ऑफिस, भावजींच्या रात्रीच्या मीटिंगा, एका पोराचा खोकला बरा होतो तोवर दुसऱ्याला ताप. शनिवारी कपडे, किराणा, पोहण्याचा क्लास. रविवारी मराठी शाळा. तिथले शनिवारी रात्रीचे दहा म्हणजे (उन्हाळ्यात) आपले रविवारी सकाळचे साडेसात. आई तेव्हा चहा घेऊन मोबाईलसमोर बसलेली असते.

दोन्ही बाळंतपणांना आई तिकडे होती, सहा-सहा महिने. तिथला आठवडा चालावा म्हणून इथला बंद ठेवून. बाबा जुळे सोलापुरात एकटे, डबा लावून. आता बाबांचे गुडघे गेलेत. ताईने पुन्हा बोलावलंय आणि आई दोघांच्या मध्ये अडकलीय. यात कुणाचीच चूक नाही, हाच तर वांधा आहे.

कोटणीसांच्या गोष्टीचं एक टोक सोलापुरात होतं, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. वडिलांमागे त्यांच्याशिवाय चाललेलं घर, उशिरा कळणाऱ्या बातम्या, न पाहिलेला नातू. परदेशी गेलेल्याचा इतिहास लिहिला जातो. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला फार तर एखादं वाक्य येतं.

तो नातू, इनहुआ, वैद्यकीय शिक्षण घेत होता. 1967 मध्ये, डॉक्टर व्हायच्या उंबरठ्यावर असतानाच तोही गेला. छिंगलानबाई मात्र 2012 पर्यंत होत्या आणि अनेकदा भारतात येऊन गेल्या. जिच्या लग्नाला सासरचं कुणी नव्हतं, तिने नवरा आणि मुलगा दोघंही गेल्यावर सासरशी नातं टिकवलं. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

भैय्या चौकात कोटणीसांचं स्मारक आहे. सुट्टीवर आलेली बहुतेक मंडळी चादरी आणि चटणी घेऊन परततात. एकदा तिकडेही चक्कर मारा. आणि जाताना आई-बाबांना बरोबर न्या.