पडद्यांतील लेखिका : बेगम रोकेया

पांच वर्षांची एक मुलगी गच्चीवरील अडगळीच्या खोलींत पलंगाखालीं चार दिवस लपून बसली होती. तिनें कांहीं अपराध केला नव्हता. घरीं बिहारकडील दोन दासी आल्या होत्या आणि त्या घरभर मोकळेपणीं वावरत. खानदानी मुसलमान मुलीनें परपुरुषांपासूनच नव्हे, तर परक्या स्त्रियांपासूनही स्वतःला लपविलें पाहिजे, असा त्या घराण्याचा रिवाज होता. तिच्याच वयाचा एक भाचा आठवण झाली कीं थोडें पाणी किंवा कांहीं खाऊ आणून देई. आठवण न झाली तर ती उपाशीच राही. पन्नाशीच्या घरांत आल्यावर ह्या मुलीनें हा प्रसंग लिहून काढला, आणि तोही हंसत हंसत. बंगाली वाङ्मयांत बेगम रोकेया सखावत हुसेन ह्या नांवानें जी लेखिका मान्यता पावली, ती हीच.

रोकेयाचा जन्म १८८० सालीं रंगपूर जिल्ह्यांतील पैराबंद येथें झाला. हा प्रदेश आज बांगलादेशांत आहे. वडील जहिरुद्दीन साबेर हे जमीनदार आणि अरबी-फारसीचे जाणकार. मुलांना त्यांनीं कलकत्त्याच्या सेंट झेव्हियर कॉलेजांत धाडलें. मुलींच्या वांट्याला कुराणाचें पठन आणि थोडीशी उर्दू एवढेंच आलें. बंगाली ही भोंवतालच्या रयतेची भाषा. तिचें पुस्तक मुलीच्या हातीं दिसणें म्हणजे घराण्याची अप्रतिष्ठा. थोरली बहीण करीमुन्निसा हिनें भावांचे पाठ ऐकून व जमिनीवर अक्षरें गिरवून बंगाली शिकून घेतली. एकदां पोथी वाचतांना वडिलांनीं तिला पाहिलें. भीतीनें मुलगी गर्भगळित झाली. वडील मात्र रागावले नाहींत. पण नातलग आणि मौलवी ह्यांनीं गिल्ला केला, वाचन बंद पडलें, आणि पंधरावें वर्ष लागण्यापूर्वींच तिचें लग्न उरकण्यांत आलें. ह्याच बहिणीनें रोकेयाला बंगालीची गोडी लाविली. इंग्रजीचा गुरु थोरला भाऊ इब्राहिम. रात्रीं वडील निजले कीं मेणबत्तीच्या उजेडांत भावाबहिणींचा वर्ग भरे. 'पद्मराग' ही आपली कादंबरी रोकेयाबाईंनीं पुढें ह्या भावास अर्पण केली, आणि 'मतिचूर' ह्या निबंधसंग्रहाचा दुसरा भाग त्या बहिणीस.

१८९८ च्या सुमारास त्यांचा विवाह भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन ह्यांच्याशीं झाला. वर बिजवर, वयानें दुपटीहून अधिक, आणि उर्दूभाषी. एवढ्यावरून कोणी करुण चित्र रंगवूं लागेल तर तें चुकेल. सखावत हुसेन विलायतेस जाऊन आलेले, उदार मनाचे गृहस्थ होते; पत्नीनें वाचावें, लिहावें, छापावें, अशीच त्यांची इच्छा होती. मात्र भागलपुरांत बंगालींत चार शब्द बोलावयास माणूस नव्हतें. अशा स्थितींतही त्या भाषेचा अभ्यास सुटूं दिला नाहीं, ह्याचें श्रेय त्यांनीं बहिणीलाच दिलें आहे. १९०२ पासून त्यांचें लेखन कलकत्त्याच्या मासिकांतून येऊं लागलें.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा मात्र इंग्रजींत आहे. पति फिरतीवर गेले होते. दोन दिवस घरीं एकट्या असतांना वेळ घालविण्यासाठीं त्यांनीं ती लिहिली. परत आल्यावर पतीनें ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि बाईंनीं पुरुषजातीवर भयंकर सूड उगविला आहे, असा अभिप्राय दिला. 'सुलतानेचें स्वप्न' ही ती कथा १९०५ सालीं मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्यें प्रसिद्ध झाली. तींतील देशांत पुरुष मर्दान्यांत कोंडलेले असून राज्यकारभार स्त्रियांकडे आहे. तेथील एका विद्यापीठानें ढगांतून पाणी काढून घेण्याची युक्ति शोधली आहे, दुसऱ्यानें सूर्याची उष्णता सांठविण्याची. आणि शत्रूनें स्वारी केली तेव्हां ह्याच सांठविलेल्या उष्णतेच्या माऱ्यानें स्त्रियांनीं त्याला पळवून लाविलें. नवनाथांच्या कथेंतील स्त्रीराज्य मराठी वाचकांस परिचित आहे. तेथें मच्छिंद्रनाथ मोहांत गुंतून पडतात. रोकेयाबाईंच्या राज्यांत पुरुष चुलीशीं गुंतला आहे. अमेरिकेंत शार्लट गिलमनबाईंची स्त्रीराज्याची कादंबरी ह्यानंतर दहा वर्षांनीं अवतरली.

थट्टा लोकांनीं सहन केली; युक्तिवाद सहन झाला नाहीं. दागिने हीं दास्याचीं चिन्हें आहेत, आणि धर्मग्रंथ म्हणून जे मिरविले जातात त्यांतील स्त्रीविषयक आज्ञा पुरुषांच्या हातच्या आहेत, असें त्यांनीं १९०४ च्या एका निबंधांत लिहिलें तेव्हां मोठा गदारोळ उठला. तो निबंध 'मतिचूर'च्या पहिल्या भागांत घेतांना त्यांतील पांच परिच्छेद गाळावे लागले. बाकीचा निबंध मात्र तसाच राहिला. पुढील आयुष्यांत त्यांनीं असा सौदा अनेकदां केलेला दिसतो : थोडें सोडावयाचें आणि उरलेलें टिकवावयाचें.

३ मे १९०९ रोजीं सखावत हुसेन वारले. मुलींच्या शाळेसाठीं त्यांनीं दहा हजार रुपये बाजूला ठेविले होते. त्याच वर्षीं भागलपुरांत पांच मुलींवर शाळा सुरू झाली. परंतु इस्टेटीवरून सावत्र मुलीच्या बाजूनें कलह उपस्थित झाला आणि बाईंना तें गांव सोडावें लागलें. १६ मार्च १९११ रोजीं कलकत्त्याच्या वलिउल्ला गल्लींत आठ मुलींवर त्यांनीं 'सखावत मेमोरियल' शाळा पुनः उघडली. स्वतः त्या कधीं कोणत्याही शाळेंत गेल्या नव्हत्या! वर्ग कसा घेतात हें पाहण्यासाठीं त्यांनीं ब्राह्मसमाजी व हिंदु मुलींच्या शाळांतून जाऊन शिक्षिकांचें काम न्याहाळलें.

मुली आणण्यासाठीं मोटार-बस घेतली, आणि पडद्यासाठीं ती चहूंकडून बंद करण्यांत आली. एका मैत्रिणीच्या भाच्यानें ती पाहून तिला चालती काळकोठडी असें नांव दिलें. पहिल्या दोन दिवसांत अंधारानें व उकाड्यानें कांहीं मुलींना ओकाऱ्या झाल्या, कांहींना घेरी आली. तेव्हां दोन झडपा काढून तेथें पडदे सोडले. त्याबरोबर पत्रें आलीं : वाऱ्यानें पडदा हालतो, त्यामुळें मुली बेपर्दा होतात, बंदोबस्त न झाल्यास उर्दू वृत्तपत्रांतून शाळेविरुद्ध लिहिण्यांत येईल. कोंडावें तर मुली बेशुद्ध पडतात, वारा घ्यावा तर शाळा बुडते.

म्हणून पडद्यावर सर्वांत तिखट लिहिणारी ही बाई स्वतः बुरखा घेऊन घरोघर मुली मागत हिंडली. टीकाकारांस ह्यांत विसंगति दिसली. परंतु त्यांनीं बुरखा टाकला असता तर दुसऱ्या दिवशीं वर्गांत कोणाची मुलगी आली असती? आणखी एक कांटा होता. ज्या भाषेसाठीं बहिणीनें एवढें सोसलें, त्या बंगालीचा वर्ग उघडूनही त्याला पुरेशा मुली मिळेनात. शाळा मुख्यतः उर्दूंतच चालवावी लागली.

१९१६ मध्यें त्यांनीं 'अंजुमने ख्वातीने इस्लाम' ही स्त्रियांची संस्था काढली. विधवांस मदत आणि वस्त्यांतून साक्षरता हें तिचें काम. एका बाईला मोठ्या मिनतवारीनें सभेस आणलें. सभा संपल्यावर ती म्हणाली कीं, सभेच्या नांवाखालीं मला घराबाहेर काढलें खरें, पण सभा कांहीं दिसली नाहीं! जी कधीं उंबऱ्याबाहेर पडली नाहीं, तिला सभा म्हणजे काय हें कसें उमजावें?

१९३१ सालीं 'अवरोधवासिनी' हें पुस्तक निघालें. त्यांत पडद्याच्या सत्तेचाळीस हकीकती आहेत; उपदेश जवळजवळ नाहींच. हजला निघालेल्या बायकांना फलाटावर सतरंजीखालीं झांकून बसविलें असतां रेल्वेच्या गोऱ्या अंमलदारानें त्यांना सामान समजून लाथेनें ढोसलें, ही एक हकीकत हंसूं आणते. दुसरी हंसूं देत नाहीं. क्यूल स्टेशनावर सखावत हुसेनांच्या नात्यांतील एक बाई बुरख्यांत पाय अडकून रुळांवर पडली. हमाल धांवले, पण दासीनें बजावलें कीं, बीबीसाहेबांना कोणीं हात लावूं नये. तिला एकटीला ती उचलवेना. अर्ध्या तासानें गाडी सुटली.

इतकीं वर्षें शिक्षिका मिळविणें, सरकारी मदतीसाठीं अर्ज करणें आणि निंदेला उत्तर न देणें ह्यांत त्यांची बरीच शक्ति गेली. त्यामुळें ग्रंथसंपदा मोजकीच राहिली. शाळा मात्र १९३० च्या सुमारास हायस्कूल झाली, आणि कलकत्त्यांत ती आजही चालू आहे.

८ डिसेंबर १९३२ च्या रात्रीं त्या लिहीत बसल्या होत्या. ९ तारखेस पहांटे त्यांचें देहावसान झालें. मेजावर वजनाखालीं 'नारीर अधिकार', म्हणजे स्त्रीचे हक्क, ह्या मथळ्याचा एक अपुरा लेख होता.